नाव एक, चमत्कार अनेक

आपल्या बाळाचं नाव एकदम 'हटके' हवं, असं सगळ्यांनाच वाटतं. पण खरोखर दुर्मीळ असलेलं एक हिब्रू नाव सध्या ठाण्यातल्या एका पाळण्यात झोपलंय. गंमत म्हणजे ते ऐकून प्रत्येक मराठी माणूस म्हणतो, 'अरे, हे तर आपलंच!'

आमच्या घरात सध्या एक एक्सेल शीट आहे. म्हणजे तशा बऱ्याच आहेत (नवरा आयटीत आहे, आमच्याकडे दुधाचा हिशोबसुद्धा एक्सेलमध्ये असतो), पण ही स्पेशल. मला सातवा महिना लागलाय आणि या शीटमध्ये बाळाची नावं आहेत. मुलाची ३१, मुलीची ३३, एकूण ६४. कॉलम पाच : नाव, अर्थ, स्पेलिंग, 'परदेशात म्हणता येईल का?' आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा, 'युनिक आहे का?'

या शेवटच्या कॉलमनं आमची झोप उडवलीये. कारण युनिक नाव सगळ्यांनाच हवं असतं आणि सगळे ते एकाच ठिकाणी शोधतात. परिणाम? आमच्या सोसायटीत तीन आरव आहेत. संध्याकाळी एका आईनं पार्किंगमधून हाक मारली की तीन खिडक्यांतून तीन डोकी बाहेर येतात. विहान, कियान, रेयांश यांचीही तीच कथा. पहिल्यांदा ऐकली तेव्हा किती फ्रेश वाटली होती ही नावं! आता प्लेग्रुपमध्ये टीचरला ती आडनाव लावूनच घ्यावी लागतात.

तर, अशा ऐन टेन्शनमध्ये ठाण्याच्या मैत्रिणीचा फोन आला.

ही माझी पहिल्या नोकरीतली मैत्रीण. एका जाहिरात कंपनीत आमची टेबलं शेजारी शेजारी होती. आडनाव '-कर'वर संपणारं, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, आणि डब्यात नारळाच्या दुधातला जबरदस्त चिकनचा रस्सा. 'दही नाही का घालत तुम्ही?' असं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, 'मटण-चिकनबरोबर दूधदुभतं आम्हाला चालत नाही.' तोवर सहा महिने झाले होते आणि मला पत्ता नव्हता की ही बेने इस्राएल आहे. म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. शुक्रवारी संध्याकाळी ही कधीच पार्टीला का थांबत नाही, याचा उलगडाही मला त्या दिवशी झाला.

'मुलगा झाला गं!' ती फोनवर म्हणाली. 'आठव्या दिवशी ये. नाव तेव्हाच कळेल.'

'आत्ता सांग ना. कोणाला नाही सांगत.'

'अजिबात नाही. आमच्यात नाव आधी फोडत नाहीत.'

आठवा दिवस

ठाण्याचं सिनेगॉग १८७९ सालचं. नाव 'शाआर हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचं दार. मी जन्मल्यापासून मुंबईत आहे, ठाण्याला शंभरदा गेलेय, पण तिथे पाऊल ठेवलं ते पहिल्यांदाच. आत गेले तर समोर सगळं अनोळखी आणि कानावर सगळं ओळखीचं! हिब्रू अक्षरं, डोक्यावर छोट्या गोल टोप्या घातलेले पुरुष... आणि एक आजी दुसरीला सांगत होत्या, 'अगं, जरा सरक तिकडे, हिला बसू दे, पोटुशी आहे ती.'

ज्यू धर्मात मुलाची सुंता आठव्या दिवशी होते आणि त्याचं नावही त्याच वेळी जाहीर होतं. समोर दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. एकीवर बाळाला मांडीवर घेणारे आजोबा बसणार होते. दुसरी रिकामी. 'ती कोणाची?' मी हळूच विचारलं. 'एलियाहू हनबीची,' शेजारच्या आजी म्हणाल्या. एलियाहू म्हणजे संदेष्टा एलिया. प्रत्येक सुंतेला तो हजर असतो, अशी ज्यूंची श्रद्धा. बेने इस्राएल लोकांचा तर तो विशेष लाडका. अलिबागजवळ खंडाळा गावी खडकावर ज्या खुणा आहेत, त्या त्याच्या रथाच्या चाकांच्या, असं ही मंडळी मानतात.

मग हिब्रूतल्या प्रार्थनेत एक शब्द मला लख्ख ऐकू आला. निस्सीम. मला वाटलं, मध्येच कोणीतरी मराठी बोललं. पण तेच नाव होतं. निस्सीम बेन अमुक, म्हणजे अमक्याचा मुलगा निस्सीम.

नंतर मलिदा आला. पोहे, खवलेलं खोबरं, साखर, वर फळं आणि सुकामेवा. नवस फेडायचा असो, लग्न असो की बाळ, बेने इस्राएल घरात मलिदा हवाच. माझ्या हातात बशी आणि तोंडात घास असतानाच मी मैत्रिणीला म्हणाले, 'काय सॉलिड मराठी शब्द शोधलास गं! निस्सीम! ज्याला सीमा नाही असा. निस्सीम भक्त, निस्सीम प्रेम...'

ती हसायला लागली. 'मराठी नाही गं बाई. हिब्रू आहे. तू आज सकाळपासूनची सातवी.'

नेस, नेस, निस्सीम

घरी येऊन मी कामाला लागले. (पत्रकार आहे, शेवटी खाज असतेच.) तर ऐका. हिब्रूत 'नेस' म्हणजे चमत्कार. आणि 'ईम' हा अनेकवचनाचा प्रत्यय. किबुत्झ एक, किबुत्झीम अनेक. तसा नेस एक, निस्सीम अनेक. म्हणजे या नावाचा अर्थ 'चमत्कार', आणि तोही अनेकवचनी! मराठीत ही गंमत कळतच नाही, कारण आपल्याकडे एक चमत्कार आणि दहा चमत्कार, शब्द तोच.

माणसाचं नाव आणि ते अनेकवचनात? विचित्र वाटतं ना? पण हिब्रूत हे चालतं. हाईम हे ज्यूंमधलं लोकप्रिय नाव. अर्थ 'जीवन', रूप अनेकवचनाचं. बेने इस्राएल समाजाचा इतिहास लिहून ठेवणारे केहिमकर होते ना, त्यांचं नाव हाईम सॅम्युएल केहिमकर. रहमीम म्हणजे दया. तेही अनेकवचनच.

'नेस' हा शब्द त्याहून जुना आहे. बायबलच्या जुन्या करारात त्याचा अर्थ वेगळाच आहे : निशाण, उंच काठीवर फडकावलेला झेंडा, लांबून दिसावी अशी खूण. लढाई जिंकल्यावर मोशे वेदी बांधतो आणि तिला नाव देतो 'देव माझं निशाण', त्यातला शब्द हाच. पुढे 'सगळ्यांना दिसेल अशी खूण' यावरून अर्थ सरकत सरकत 'देवानं दाखवलेली खूण' म्हणजेच 'चमत्कार' असा झाला. त्यामुळेच बायबलमध्ये डेव्हिड सापडतो, डॅनियल सापडतो, पण निस्सीम नावाचा माणूस शोधून सापडत नाही. हे नाव बायबलनंतरचं आहे.

डिसेंबरच्या आसपास येणाऱ्या हनुका या दिव्यांच्या सणात ज्यू मुलं एक चौकोनी भोवरा खेळतात. त्याच्या चार बाजूंवर चार हिब्रू अक्षरं असतात. त्यातलं पहिलं अक्षर 'नेस'चं. चारही मिळून वाक्य होतं, 'तिथे मोठा चमत्कार घडला'. इस्रायलमधल्या भोवऱ्यावर मात्र शेवटचं अक्षर बदलतं आणि वाक्य होतं, 'इथे मोठा चमत्कार घडला'. याच सणाच्या प्रार्थनेत चमत्कारांसाठी देवाचे आभार मानतात, तिथला शब्द 'निस्सीम'. म्हणून काही कुटुंबांत हनुकाच्या दिवसांत किंवा निसान या हिब्रू महिन्यात जन्मलेल्या मुलाला हे नाव देतात.

आणि नाही, 'निसान' गाडीचा याच्याशी काही संबंध नाही! ते 'निहोन सांग्यो' या जपानी कंपनीच्या नावाचं छोटं रूप. अरबीतलं 'नसीम' म्हणजे झुळूक, तोही वेगळा शब्द. आणि आपलं 'निस्सीम' संस्कृतातून आलेलं : निस् अधिक सीमा. तीन भाषा, तीन वाटा, आणि कानाला मात्र सख्खी भावंडं.

ट्युनिशिया ते पॅरिस

आजच्या ट्युनिशियात कैरवान नावाचं शहर आहे. एक हजार वर्षांपूर्वी तिथे निस्सीम बेन याकोब नावाचे मोठे ज्यू विद्वान होऊन गेले. गंभीर धर्मग्रंथांइतकंच त्यांचं नाव आहे ते एका गोष्टींच्या पुस्तकासाठी. संकटात सापडलेली माणसं, आणि मग झालेली सुटका. दुःखात बुडालेल्या माणसाला धीर यावा म्हणून लिहिलेल्या गोष्टी. चौदाव्या शतकात स्पेनच्या कॅटलोनियात दुसरे निस्सीम झाले, धर्मशास्त्राचे भाष्यकार. ज्यू विद्यार्थी आजही त्यांना 'रान' या लघुनावानं ओळखतात.

१४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकलून दिलं. ते उत्तर आफ्रिकेत गेले, तुर्कस्तानात गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची नावंही गेली. त्यामुळे इस्तंबूल, बगदाद, कैरो इथल्या ज्यूंमध्ये निस्सीम हे घरोघरचं नाव होतं. पोलंड-रशियातल्या ज्यूंमध्ये मात्र ते क्वचितच. अमेरिकेत गेलेले बहुसंख्य ज्यू या दुसऱ्या गटातले. म्हणूनच हॉलिवूडच्या सिनेमात तुम्हाला बेंजामिन, जेकब, आयझॅक ढिगानं भेटतात, पण निस्सीम भेटत नाही.

या नावाची मला सगळ्यात जास्त चटका लावून गेलेली गोष्ट पॅरिसमधली आहे. कामोन्दो हे इस्तंबूलचं बडं सावकार घराणं. १८६९ च्या सुमारास पॅरिसला आलं. त्यातल्या मोईझ द कामोन्दो यांनी आपल्या मुलाला स्वतःच्या वडिलांचं नाव दिलं, निस्सीम. मुलासाठी म्हणून पार्क मोन्सोच्या काठावर हवेली बांधली, अठराव्या शतकातल्या उत्तमोत्तम वस्तूंनी ती सजवली. पहिल्या महायुद्धात हा निस्सीम वैमानिक झाला आणि सप्टेंबर १९१७ मध्ये विमानातच मारला गेला. वय अवघं २५. वडिलांनी मग ती हवेली जशीच्या तशी फ्रान्सला देऊन टाकली. नाव मात्र मुलाचं, ही त्यातली एक अट. १९३५ मध्ये ते गेले, १९३६ मध्ये तिथे 'म्युझे निस्सीम द कामोन्दो' सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांतच नात्झींनी निस्सीमची बहीण, तिचा नवरा आणि दोन्ही मुलं यांना आउश्विट्झला नेलं. एकही परत आलं नाही. घराणं संपलं. दारावरचं नाव राहिलं.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. हातात चहा, मांडीवर एक्सेल शीटचं प्रिंटआउट, आणि त्यात कॉलम कसला? 'युनिक आहे का?'

आपला निस्सीम

तुमच्यापैकी इंग्रजी मीडियमवाल्यांना हे नाव आठवत असेल. आईला विंचू चावतो, अख्खं गाव मंत्र-तंत्र घेऊन गोळा होतं, वडील विज्ञानवादी पण तेही सगळं करून बघतात, ती कविता. 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन'. कवी निस्सीम इझिकेल. आमच्या वर्गात अर्ध्या मुलांना तो परदेशी कवी वाटायचा. अरे, तो भायखळ्यात शिकलेला आपला बेने इस्राएल माणूस!

डिसेंबर १९२४ मध्ये मुंबईत जन्म. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई शाळा चालवायची. हा पठ्ठ्या लंडनला गेला, तळघरातल्या खोलीत राहिला, १९५२ मध्ये पहिला कवितासंग्रह तिथेच छापला आणि परतीच्या तिकिटाला पैसे नाहीत म्हणून मालवाहू बोटीवर डेक घासत घरी आला. पुढे मिठीबाई कॉलेजात इंग्रजीचा विभागप्रमुख, मग मुंबई विद्यापीठ. १९८३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार, १९८८ मध्ये पद्मश्री. इस्रायल झाल्यावर समाजातली बहुतेक माणसं तिकडे गेली, हा इथेच राहिला. इंग्रजीत लिहिलं, पण इंदिरा संतांच्या मराठी कविता वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजीत नेल्या त्याही यानंच. न्यू मरीन लाइन्सच्या 'पेन' संस्थेच्या ऑफिसात बसायचा, आणि कुठल्याही नवख्या पोराला कवितांची वही घेऊन आत येता यायचं.

ती विंचवाची कविता ज्या संग्रहात आली, त्याचं नाव आहे 'दि एक्झॅक्ट नेम', म्हणजे 'अचूक नाव'. साल १९६५. अचूक नावाच्या शोधात आयुष्य घालवलेल्या या माणसाला शेवटच्या वर्षांत अल्झायमर झाला. माणसांची नावं आठवेनाशी झाली. ९ जानेवारी २००४ ला तो गेला.

चौकट : हसाजी म्हणजे कोण?

* बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या जहाजातून वाचले. सात पुरुष, सात स्त्रिया. पुढे ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी काम बंद, म्हणून गावकरी म्हणायचे 'शनवार तेली'.
* आडनावं गावांवरून : रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे केहिमकर, दिवेआगरचे दिवेकर.
* हिब्रू नावांनाही मराठी वळण लागलं. सॅम्युएलचा झाला सामाजी, इझिकेलचा झाला हसाजी. म्हणजे निस्सीम इझिकेल हे तीनशे वर्षांपूर्वी 'निस्सीम हसाजी' झाले असते!
* मुंबईचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये मांडवीत बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी. ते कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधेन असा त्यांचा नवस होता, असं सांगतात. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला 'मशीद' म्हणायचे, आणि लोकलचं मस्जिद स्टेशन याच मशिदीवरून, अशीही आठवण सांगितली जाते.
* महालक्ष्मीच्या डॉ. ई. मोझेस रोडवर रोज ट्रॅफिकमध्ये अडकता ना? ते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर. मुंबईचे एकेकाळचे महापौर आणि बेने इस्राएल.

'हे तर काकांचं नाव!'

आता येऊ लोकप्रियतेकडे. खरं सांगायचं तर निस्सीमची हवा कुठेच नाही. अमेरिकेत सरकारचं सोशल सिक्युरिटी खातं दर वर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं. त्यातल्या पहिल्या १००० मध्ये निस्सीम शोधायला जाऊ नका. इस्रायलचं सांख्यिकी खातंही अशी यादी काढतं. अलीकडच्या वर्षांत ज्यू मुलांच्या नावांत डेव्हिड, एरियल, लावी अशी मंडळी वर असतात. लावी म्हणजे सिंह. छोटं, कडक, दोन अक्षरी. माझ्या नवऱ्याच्या शीटमध्ये फिट्ट बसेल असं.

सुंतेच्याच दिवशी संध्याकाळी मैत्रिणीच्या नवऱ्याच्या आत्याचा अश्दोदहून व्हिडिओ कॉल आला. या आत्या तरुणपणी तिकडे गेल्या, पण मराठी अजून अस्सल अलिबागी. नाव ऐकल्यावर त्यांचा चेहराच पडला. 'निस्सीम? अगो, इथे निस्सीम म्हणजे साठीतले काका! उद्या पोर इकडे आलं, शाळेत गेलं, तर हसतील त्याला. लावी ठेव, नाहीतर एरियल ठेव.'

हे म्हणजे आपल्याकडे आज कोणी पोराचं नाव पांडुरंग ठेवण्यासारखं. म्हणजे अर्थ उत्तम, देव मोठा, पण हाक मारताना आजोबाच डोळ्यांपुढे येतात. बगदाद, मोरोक्को, इजिप्तमधून इस्रायलला आलेल्या पिढीचं हे नाव. त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी ते मागे टाकलं आणि नवी, चटपटीत हिब्रू नावं घेतली.

उलटी गोष्टही घडते बरं का. सिएटलमध्ये वाढलेला डेमियन ब्लॅक नावाचा रॅपर. त्यानं काही वर्षांपूर्वी ज्यू धर्म स्वीकारला आणि नवं नाव घेतलं निस्सीम. आज जगाला तो निस्सीम ब्लॅक म्हणून माहीत आहे. पुढे तो इस्रायलमध्ये राहायलाही गेला. एकाला जे काकांचं नाव वाटतं, ते दुसरा सगळ्या नावांतून वेचून घेतो.

'उद्या पोर इकडे आलं तर' हे आत्यांचं वाक्य मात्र नुसती कुरकुर नव्हती. १९४८ च्या सुमारास बेने इस्राएल समाज वीस हजारांच्या घरात होता. आज भारतात सगळे ज्यू मिळून जेमतेम पाच हजारांच्या आसपास असतील, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. बाकीचे अश्दोद, लोद, रामला, डिमोना इथे. तिकडे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, पण सुंतेला आलेली माणसं मोजायला मला फार वेळ लागला नव्हता. माझी मैत्रीण आणि तिचा नवरा गेली तीन वर्षं एकाच प्रश्नावर भांडताहेत : जायचं की राहायचं? तिच्या नवऱ्याची बहीण गेली, चुलत भाऊ गेले. फॉर्म टेबलावर पडून आहे. ती म्हणते, 'आईबाबांना सोडून नाही.' तो म्हणतो, 'याच्या बरोबरीची मुलं तरी राहणारेत का इथे?'

नाव ठेवणं हा त्याच भांडणाचा पुढचा अंक होता. लावी ठेवला की समजायचं, मन तिकडे निघालं.

'एकवचन पुरलं नसतं'

बाळ महिन्याचं झाल्यावर मी पुन्हा ठाण्याला गेले. या वेळी नोटपॅड घेऊन. (तिची परवानगी घेतलीये, मंडळी!) दुपारची वेळ, पंखा फुल स्पीडवर, बाळ पाळण्यात. मी म्हटलं, 'इझिकेलांवरून ठेवलंस का?'

'नाही गं. कविता मला कॉलेजात कधी कळल्या नाहीत.'

'मग?'

ती थोडा वेळ गप्प राहिली. दोन वर्षांपूर्वीचं मला माहीत होतं. पाचव्या महिन्यात गेलं होतं तिचं पहिलं बाळ. त्यानंतर ती आठवडाभर फोन उचलत नव्हती आणि मी रोज फोन करत होते. या वेळी डॉक्टरांनी चौथ्या महिन्यातच बेड रेस्ट सांगितली. तेरा आठवडे. उशाशी आई, पायाखाली उशी, भिंतीवर कॅलेंडर.

'लोक म्हणतात ना, चमत्कार झाला,' ती म्हणाली. 'मला तसं वाटतच नाही. असं एक दिवस आभाळातून काही पडलं नाही. रोज सकाळी उठायचे, आधी बघायचे, रक्त तर नाही ना. नसलं की तो दिवस झाला. मग दुसरा. तेरा आठवडे, रोज एक. एक्क्याण्णव झाले. म्हणून म्हटलं, एकवचन पुरणार नाही.'

मला काय बोलावं कळेना. मी पाळण्याची दोरी ओढत राहिले.

'आणि तिकडे काका म्हणतील ते?' शेवटी मी विचारलं.

'म्हणू दे ना. तिकडे गेलाच तर काकांचं नाव असेल. तिकडच्या काकांनीही काही कमी भोगलं नाहीये. आणि इथे राहिला तर तुम्ही सगळे आहातच, निस्सीम भक्त, निस्सीम प्रेम म्हणायला. कुठेही गेला तरी नावाला अर्थ लागेल. बाकी आम्ही त्याला काय देणार आहोत, ते आमचं आम्हालाच माहीत नाही अजून.'

फॉर्म अजून टेबलावरच होता. त्याच्यावर बाळाच्या तेलाची बाटली ठेवली होती.

पाच नावं

रात्री घरी येऊन मी एक्सेल शीट उघडली. 'युनिक आहे का?' हा कॉलम डिलीट केला. नवरा ओरडला. मग त्याच जागी नवा कॉलम टाकला, 'का?'. इंटरनेटवर मिळालेला अर्थ नाही, आपलं 'का'. दोघांनी मिळून भरायला बसलो. ६४ पैकी ५९ नावांपुढे लिहायला काहीच सुचलं नाही. उरली पाच. त्यातलं एक माझ्या पणजीचं. ते मी शीटमध्ये टाकलं कधी, मलाच आठवत नव्हतं. त्या नावाच्या तीन मुली आमच्या सोसायटीत नाहीत. एकही नाही. पण 'का' लिहायला मला दोन ओळी पुरल्या नाहीत, तेव्हा आईला फोन लावला. पणजीचं सांगता सांगता ती एक तास बोलत होती.

निघताना ठाण्याच्या सोसायटीच्या गेटवर एक छोटी गंमत झाली होती. मैत्रीण मला रिक्षापर्यंत सोडायला बाळाला घेऊन खाली आली. वॉचमनकाका सातारचे. त्यांनी बाळाच्या गालाला बोट लावलं आणि विचारलं, 'नाव काय ठेवलं, ताई?'

'निस्सीम.'

'वा! चांगलं मराठी नाव ठेवलंत. नाहीतर आजकाल काय एकेक नावं असतात.'

मी मैत्रिणीकडे बघितलं. आता ती सांगणार, हिब्रू, नेस, चमत्कार, सगळं.

'हो ना काका,' ती म्हणाली आणि बाळाचं टोपरं नीट केलं.